नळीचं बूड
सिन्नर तालुक्यातल्या नांदूर-शिंगोट्याला १८५७ साली भागोजी नाईकांच्या भिल्लांशी लढताना हेन्री हा इंग्रज पोलिस अधिकारी मारला गेला. तो काळ ठासणीच्या बंदुकांचा. कौतुक व्हायचं लांब नळीचं, नक्षीचं. मला मोल वाटतं ते नळीचं बूड बंद करणाऱ्या आट्यांच्या बुचाचं. बार उडताना मागचा सगळा दाब त्याच्यावर, आणि त्याच्या मागेच नेम धरणाऱ्याचा चेहरा! आटे खोल, पुरते बसलेले हवेत. बुचाचं तोंड नळीच्या आतल्या कडेला घट्ट टेकलेलं हवं. फट राहिली की जळक्या दारूचा मळ साचतो, तो ओल ओढतो आणि गंज आटे खातो. वारशाने आलेली परवान्याची अशी बंदूक घरात असेल, तर बार भरण्याआधी बूच जाणकाराकडून तपासून घ्याच.