हसायचे कुणाला?

खलनायकाच्या बाजूने चार शब्द लिहायची पाळी माझ्यावर येईल, असे मला कधी वाटले नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत धाकटा भाऊ मोबाईलवर सुपरमॅनची जुनी कार्टून फिल्म बघत होता. मध्येच त्याने विचारले, "दादा, जास्त शिकलेला माणूसच नेहमी वाईट कसा रे? मग तू कशाला शिकतोस?" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील मार्केट यार्डात हमाली करतात. आई हसली, मला मात्र हसता येईना.

ती फिल्म फ्लायशर बंधूंची, 1941 सालची. सुपरमॅनच्या मालिकेतली ही पहिलीच. तीत डोंगराच्या टोकावर एक शास्त्रज्ञ राहतो आणि विध्वंसक किरण सोडून शहर उद्ध्वस्त करायला निघतो. त्याची तक्रार एकच : लोक मला हसले! सुपरमॅन येतो आणि त्या किरणालाच ठोसे लगावत मागे रेटतो. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी या प्रसंगाकडे कृपया दुर्लक्ष करावे.

आता जरा हिशेब मांडू. सुपरमॅनला ताकद कशी मिळाली? जन्माने! क्रिप्टन ग्रहावर जन्मला, पृथ्वीवर आला, झाला महाबली. बॅटमॅनकडे वडिलोपार्जित इस्टेट. आणि खलनायक? लूथर घ्या, नाही तर कॅप्टन मार्व्हलचा वैरी डॉक्टर सिव्हाना घ्या. दोघेही प्रयोगशाळेत रात्री जागवणारे. डोक्यावर केस नाहीत. त्यातही लूथर 1940 साली आला तेव्हा त्याला लाल केस होते. पुढे चित्रकाराच्या गफलतीने टक्कल पडले, असे सांगतात. म्हणजे बिचाऱ्याचे केस गेले तेही दुसऱ्याच्या चुकीने! जे नायकाला जन्मतःच मिळाले, ते खलनायकाने अभ्यासाने मिळवले. आणि टाळ्या कुणाला, तर जन्माने मिळालेल्याला. हा हिशेब आपल्या देशात कुणाला नवा वाटेल, असे मला वाटत नाही.

माझे हे म्हणणे इंग्रजीच्या सरांच्या कानावर घातले, तेव्हा त्यांनी मला एक विडंबन दाखवले. अमेरिकेतल्या 'मॅड'च्या चौथ्या अंकात, 1953 साली, हार्वे कर्ट्झमन यांनी लिहिलेले आणि वॉली वुड यांनी चित्रे काढलेले 'सुपरड्यूपरमॅन'. केशवकुमारांनी 'झेंडूची फुले'त कवींची जी गत केली, तीच येथे महाबलींची. यातला नायक वर्तमानपत्राच्या कचेरीत पोऱ्याच्या हाताखालचा पोऱ्या आहे. जन्मभराची शिल्लक मोडून तो एका मुलीसाठी मोत्यांची माळ आणतो आणि ती त्याला झिडकारते. आणि गावाला छळणारा राक्षस कोण निघतो? कॅप्टन मार्बल्स, म्हणजे दुसरा महाबलीच! पैशाच्या मागे लागून तो बिघडलेला. त्याला हरवायला ताकद कामी येत नाही. युक्ती करून त्याला स्वतःच्याच डोक्यात ठोसा मारायला लावावे लागते. त्या काळी सुपरमॅन आणि कॅप्टन मार्व्हल यांच्या प्रकाशकांत नक्कल केल्यावरून खरोखरच बरीच वर्षे कोर्टकचेरी चालली होती, हे कळल्यावर तर मला दुप्पट हसू आले. शेवटी एवढा पराक्रम करूनही ती मुलगी त्याला नाकारतेच.

आपल्याकडे प्राण यांनी 1971 साली चाचा चौधरी जन्माला घातला, तेव्हा त्यांनीही हा हिशेब उलटा केला. तेथे नायक म्हणजे पगडीवाला म्हातारा, आणि त्याची शक्ती डोक्यात. गुरू ग्रहावरचा धिप्पाड साबू त्याचा मदतनीस.

म्हणून काय खलनायक बरोबर? मुळीच नाही. लोक हसले म्हणून शहर जाळायचे नसते. पण तो डोंगरावर एकटा का गेला, हे मला ठाऊक आहे. पहिल्या वर्षी मी वर्गात उभा राहून 'सायकॉलॉजी'ला 'पिसायकॉलॉजी' म्हटले. सारा वर्ग हसला. मी शहर जाळले नाही. पण त्या सत्रात पुन्हा तोंड उघडले नाही. माझा डोंगर म्हणजे ग्रंथालयाचा कोपरा. तेथे मी पुष्कळ वाचले हे खरे, पण रागाने वाचले. वर्गातल्या एका मित्राने एक दिवस स्वतःहून माझी वही मागितली आणि मी खाली उतरलो. तो आला नसता तर?

हसू नये असे मी म्हणत नाही. हसावेच. पण कर्ट्झमन ज्याच्या अंगात बळ आहे त्याला हसले. आपण ज्याचा उच्चार चुकतो त्याला हसतो. पहिल्या हसण्याने फुगा फुटतो, दुसऱ्याने माणूस डोंगरावर जातो. स्नेहसंमेलनात शेलापागोटे वाचले जातील, तेव्हा मित्रहो, चिठ्ठी लिहिण्यापूर्वी एवढे पाहा, की ती वर भिरकावली आहे की खाली?

भावाला मी अजून उत्तर दिलेले नाही. त्याला आता 'सुपरड्यूपरमॅन' दाखवणार आहे.

— द्वितीय वर्ष, कला