सायकल आपली, पाना कुणाचा?

मुलींच्या सायकलबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा एकाच प्रश्नाशी थांबतो : तिला सायकल मिळाली का? शासनाने दिली, एखाद्या संस्थेने दिली किंवा बापाने उसनवारी करून घेतली, की आपण समाधानाने पुढच्या विषयाकडे वळतो. सहा महिन्यांनी ती सायकल कुठे आहे, हे विचारायला कुणी जात नाही. मी विचारत असते. अकोल्याच्या आसपासच्या खेड्यांत भिंतीला टेकवून ठेवलेल्या, धूळ खाणाऱ्या सायकली मला पुष्कळ दिसल्या. बिघाड काय, तर पंक्चर, सैल पडलेला ब्रेक, नाहीतर अडकून बसलेली चेन. अर्ध्या तासाचे काम. पण ते काम भावाचे किंवा बापाचे. त्यांना सवड होईपर्यंत पोरगी पायी जाते, नाहीतर घरी बसते. घरी बसलेल्या पोरीला कामे सांगायला घर टपलेलेच असते.

म्हणून माझे म्हणणे असे की, सायकल चालवायला शिकवणे हे अर्धेच काम झाले. ती दुरुस्त करायला शिकवणे हे उरलेले अर्धे. ते केले नाही, तर सायकल मुलीच्या नावावर राहते आणि तिच्यावरचा ताबा दुसऱ्याच्या हातात.

मी हे बोलते ते एक हौशी सायकलवाली म्हणून. आठवडाभर शाळेत शिकवते. रविवार सायकलचा. पहाटे साडेपाचला निघायचे, रेल्वेलाईन ओलांडून अकोट फैलाकडून अकोट रस्त्याला लागायचे आणि पूर्णाकाठच्या गांधीग्रामपर्यंत जाऊन परत यायचे. जाऊन-येऊन छत्तीसएक किलोमीटर. उन्हाळ्यात आठच्या आत घर गाठावे लागते, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि डांबराची झळ खालून लागते ती वेगळीच.

हाच रस्ता श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी कावडींनी भरून जातो. गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावर घेऊन, मुख्यतः तरुण पोरे, रात्रभर चालत अकोल्याच्या राजराजेश्वराला येतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल आणि कष्टाबद्दल मला आदर आहे. पण मनात येते की, मुलगा याच रस्त्यावर अख्खी रात्र काढतो तर गाव त्याला पाणी पाजते, आणि पन्नाशीकडे झुकलेली बाई दिवस उजाडताना सायकलवर दिसली, तर तिला थांबवून विचारले जाते, "कोणाकडं चालल्या, बाई?" कुणाकडेच नाही, नुसतीच चालले आहे, हे उत्तर लोकांना पटत नाही. बाई पाण्याला, वावरात, दवाखान्यात, माहेरी जात असेल तर रस्ता तिला वाट देतो. हौसेसाठी निघालेल्या बाईकडून मात्र तो कारण मागतो.

हौस आणि हत्यार या दोन्ही गोष्टी बाईला शोभत नाहीत असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. पैकी हौसेवर आपण थोडेफार बोललो आहोत, हत्याराबद्दल फारसे बोललेलो नाही.

माझ्या रविवारची दुपार सायकल उलटी करून अंगणात बसण्याची असते. आजूबाजूच्या मुली जमतात. आधी दोन्ही टायर हाताने चाचपायचे, कारण वऱ्हाडात पंक्चरचा मोठा धनी म्हणजे बाभळीचा काटा. मग ब्रेकची रबरे पाहायची, झिजली असतील तर बदलायची. चेन जुन्या टूथब्रशने घासून फडक्याने कोरडी करायची, एकेका कडीवर तेलाचा थेंब सोडायचा आणि वरचे तेल पुसून टाकायचे. नाहीतर त्यावर धूळ बसून ती चेनीलाच खाते. खारपाणपट्ट्यातल्या मुलींना मी मुद्दाम सांगते की बोअरच्या खाऱ्या पाण्याने सायकल धुतली तर लगेच पुसून तेल द्या, नाहीतर चेन गंजलीच समजा. पावसाळ्यात कपाशीच्या वावरातली काळी माती मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये अशी गच्च बसते की चाक फिरत नाही. तेव्हा सोबत एक काडी ठेवायची.

पंक्चर काढणे तर त्याहून सोपे. टायरची एक बाजू रिमवरून उतरवायची, ट्यूब बाहेर काढून हवा भरायची आणि पाण्याच्या टोपल्यातून फिरवायची. बुडबुडे निघतील तिथे खूण करायची. जागा कोरडी करून पॉलिश पेपरने घासायची, सोल्युशन लावायचे, ते सुकू द्यायचे आणि मग पॅच दाबून बसवायचा. ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधायचा. तो राहिला तर दहा पावलांवर पुन्हा पंक्चर. पंप, दोन-तीन पाने, पॅच, सोल्युशन, तेल हे सगळे मिळून एका मुलीच्या ड्रेसच्या किमतीत बसते.

"हे आपल्याला जमेल का?" असे मुली विचारतात, तेव्हा मी त्यांना घरातच बघायला सांगते. कुकरची रिंग कोण बदलते? गॅसचा बर्नर कोण साफ करते? शिलाई मशीनला तेल कोण घालते, पट्टा तुटला तर तो जोडते कोण? ही सगळी यंत्रे बायका वर्षानुवर्षे चालती ठेवत आहेत. पण ते घरकाम म्हणवले जाते. तेच काम रस्त्याच्या कडेला टपरी टाकून पुरुषाने केले की तो मिस्त्री होतो, आणि त्याचे पैसे मिळतात.

काही वर्षांपूर्वी मी एका दुकानात चाकाचा आऊट काढायला गेले होते. कोणती तार सैल आहे हे मी बोट लावून दाखवले. दुकानदार म्हणाला, "ताई, सायकल ठेवून जा, संध्याकाळी भाऊले पाठवजा." तो माणूस वाईट नव्हता. माझ्याशी यंत्राबद्दल बोलता येते हेच त्याच्या डोक्यात येत नव्हते. ज्या वस्तूच्या भागांची नावे आपल्याला माहीत नसतात, तिच्या दुरुस्तीत काय बदलले आणि किती पैसे लागले हेही आपल्याला कळत नाही. मग बाई बाजूला उभी राहते आणि बोलणी दोन पुरुष करतात.

हे शहाणपण नवीन नाही. अमेरिकेत मारिया वॉर्ड या बाईंनी १८९६ साली बायकांसाठी सायकलचे पुस्तक लिहिले, त्यात बायका आणि हत्यारे या विषयावर वेगळे प्रकरण होते. आपल्या देशात १९९१ साली तमिळनाडूच्या पुदुकोट्टईत साक्षरता मोहिमेने सायकल शिकण्याला अक्षरे शिकण्याइतकेच महत्त्व दिले. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी त्याला बळ दिले आणि हजारो गरीब बायका सायकलवर बसल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायकांनी जेन्टस सायकली घेतल्या. बिहारने २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीचे पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात असे दिसले की त्यामुळे माध्यमिक शाळेतली मुलींची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी वाढली, आणि शाळा लांब असलेल्या गावांत फरक जास्त पडला. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल मिळते. सायकलने काय होते याचा पुरावा आता मागायला नको. चालू सायकलने होते, एवढेच त्यात जोडायचे आहे.

लांब पल्ल्याच्या हौशी राईड होतात, त्यांना ब्रेव्हे म्हणतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत. बाईला आणि पुरुषाला मुदत सारखीच, आणि ठरलेल्या ठाण्यांखेरीज वाटेत मदतीची गाडी सोबत न्यायची नाही. पंक्चर ज्याचे त्याने काढायचे. मी त्या केल्या आहेत. शंभराव्या किलोमीटरला एकटीने ट्यूब बदलून पुढे निघताना जे वाटते, ते आठवीतल्या मुलीला शाळेच्या वाटेवर वाटायला हवे. तिची वाट चार किलोमीटरची असली तरी तिच्यासाठी ती तेवढीच लांब आहे.

भीती घालणारेही कमी नाहीत. सायकलने गर्भाशय सरकते, "पडदा" फाटतो, मग लग्नाच्या वेळी काय, असे आजही आयांना सांगितले जाते. सायकलने गर्भाशय सरकत नाही. आणि त्या पडद्यावरून मुलीचे चारित्र्य ठरवणे हीच मुळात हिंसा आहे, हे आपण आपल्या बैठकांत स्पष्ट बोलले पाहिजे. बसायला त्रास होत असेल तर सीटची उंची आणि कल बघा; बहुतेक दुखणी तिथे सुटतात, आणि त्यालाही एक पानाच लागतो.

कुणी म्हणेल, आता स्कूटीचा जमाना आहे. असेल. पण तेरा वर्षांच्या मुलीला लायसन मिळत नाही, आणि पेट्रोलचे पैसे रोज कुणाकडे तरी मागावे लागतात. शेतमजूर बाईच्या घरी परवडणारे वाहन अजूनही सायकलच आहे.

तेव्हा काही गोष्टी ठरवू या. मुलींना सायकल देणाऱ्या प्रत्येक योजनेत पंप, पाने आणि पंक्चरचे सामान सोबत मिळावे आणि शाळेत दोन दिवसांचे दुरुस्तीचे शिक्षण व्हावे, अशी मागणी आपण जिल्हा परिषदेकडे लेखी करावी. बचत गटांनी गावात एक सामाईक हत्यारपेटी ठेवावी; तिची किल्ली बाईकडे असावी. कार्यानुभवाच्या तासाला मुलींना रांगोळी आणि मुलांना यंत्र ही वाटणी दिसली तर शिक्षिकांनी ती मोडावी. ज्या मुलींना या कामात गोडी वाटेल त्यांना गावात दुरुस्तीचे दुकान काढायला गटाने कर्ज द्यावे. बाई मिस्त्री झाली की तिच्या दुकानात इतर बायका न बिचकता बोलतील.

आणि आपल्या पुढच्या शिबिराला येताना प्रत्येक गटाने आपल्या गावातली एक बंद पडलेली सायकल, आणि ज्या मुलीची ती आहे तिला सोबत आणावे. भाषणे थोडी कमी ठेवू. संध्याकाळी ती सायकल तिनेच दुरुस्त करून तिनेच चालवत न्यावी.