गोळी ठेवली, द्वंद्व वगळले

समुद्रावरच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचे चित्रपट निघाले की त्यांची परीक्षा दोरखंडांवरून होते. शिडे खरी आहेत का, तोफ डागल्यावर ती मागे कशी सरकते, गणवेशाची बटणे त्याच सालातली आहेत का, हे तपासून झाले की 'कादंबरीशी प्रामाणिक' असे प्रशस्तिपत्र देऊन मंडळी मोकळी होतात. पीटर वीअर यांच्या 'मास्टर अँड कमांडर : द फार साइड ऑफ द वर्ल्ड' या चित्रपटाला २००३ पासून हे प्रशस्तिपत्र इतक्या वेळा मिळाले आहे की त्याविरुद्ध बोलणे अरसिकपणाचे ठरावे. तो आरोप पत्करून मी म्हणतो की हा चित्रपट पॅट्रिक ओब्रायन यांच्या कादंबऱ्यांतील वस्तूंशी प्रामाणिक आहे, आणि त्यांच्या आशयाशी जवळजवळ पद्धतशीरपणे अप्रामाणिक आहे.

ओब्रायन (१९१४–२०००) जन्माने इंग्रज. आयरिश वाटणारे नाव त्यांनी पुढे धारण केले आणि आयुष्याचा मोठा काळ दक्षिण फ्रान्समधल्या कोलियूर या गावी काढला. १९६९ ते १९९९ या तीस वर्षांत त्यांनी नेपोलियनच्या काळातील इंग्रजी आरमारावर वीस कादंबऱ्या लिहिल्या. एकविसावी अपुरी राहिली. त्यांचा कप्तान जॅक ऑब्री समुद्रावर वाघ आणि जमिनीवर भाबडा. त्याचा मित्र स्टीफन मॅच्युरिन हा जहाजावरचा शल्यवैद्य. तो अर्धा आयरिश, अर्धा कॅटलान, अनौरस, निसर्गशास्त्रज्ञ आणि गुप्तहेर आहे. एके काळी तो इंग्रजी सत्तेविरुद्ध संघटित झालेल्या 'युनायटेड आयरिशमेन'मध्ये होता. १७९८चे बंड चिरडले गेल्यावर, नेपोलियन हा अधिक मोठा जुलमी आहे असे मानून, तो त्याच इंग्रजांसाठी बिनमोल हेरगिरी करतो. ज्या सत्तेचा द्वेष केला तिच्याच जहाजावर राहायचे, तिच्याच कप्तानावर जिवापाड प्रेम करायचे आणि त्याच्याबरोबर रात्री चेलो वाजवायचा, हा पेच वीसही कादंबऱ्यांचा कणा आहे. तोफा, वादळे, पाठलाग यांना त्या कण्यामुळेच वजन येते.

चित्रपटाचे गुण नाकारण्याचा प्रश्नच नाही. 'रोझ' या जुन्या फ्रिगेटची प्रतिकृती विकत घेऊन तिची 'सरप्राइझ' केली गेली, मेक्सिकोतल्या 'टायटॅनिक'साठी बांधलेल्या प्रचंड टाकीत चित्रण झाले, छायालेखन आणि ध्वनिसंपादन यांसाठी दोन ऑस्कर मिळाले, आणि ते योग्यच होते. धुक्यातून पहिला गोळा येतो तेव्हा लाकूड फुटण्याचा आवाज प्रेक्षकाच्या दातांत जाणवतो. कोवळ्या ब्लेकनीचा हात कापला जातो ते दृश्य कुठल्याही रडारडीविना घेतले आहे. त्याच वर्षी मनोरंजन उद्यानातल्या एका सफरीवरून बेतलेला 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' आला होता. त्याच्या शेजारी वीअर यांचा संयम ऋषितुल्य वाटतो. पण संयम म्हणजे निष्ठा नव्हे.

आता गोळीची गोष्ट पाहू. चित्रपटात मॅच्युरिनच्या पोटात गोळी लागते. नौसैनिकांचा अधिकारी अल्बट्रॉस पक्ष्यावर नेम धरतो आणि मध्येच डॉक्टर येतो. निव्वळ अपघात. मग गालापागोसच्या किनाऱ्यावर डॉक्टर आरशात पाहत स्वतःच्या हाताने ती गोळी काढतो. प्रेक्षक श्वास रोखून धरतात. हे दृश्य 'द फार साइड ऑफ द वर्ल्ड' या कादंबरीत नाही. ते उचलले आहे 'एच.एम.एस. सरप्राइझ' (१९७३) या तिसऱ्या कादंबरीतून, आणि तिथे ती गोळी चुकून लागलेली नाही. मॅच्युरिन ज्या डायना व्हिलियर्सवर प्रेम करतो ती कॅनिंग नावाच्या धनाढ्य व्यापाऱ्याबरोबर हिंदुस्थानात राहत असते. कलकत्त्यात दोघांचे द्वंद्वयुद्ध होते, मॅच्युरिन कॅनिंगला ठार करतो आणि स्वतः जखमी होतो. म्हणजे स्वतःच्या शरीरातून जी गोळी तो उपसून काढतो ती त्याने केलेल्या हत्येचा उरलेला भाग आहे. ते शस्त्रकर्म एकाच वेळी वैद्यकीय आहे आणि नैतिक आहे. चित्रपटाने गोळी ठेवली, आरसा ठेवला, हाताची थरथर ठेवली. द्वंद्व तेवढे वगळले. उरले ते धैर्याचे प्रात्यक्षिक.

याच कादंबरीतला मुंबईचा भाग मराठी वाचकाने मुद्दाम वाचावा. मुंबईच्या गल्ल्यांतून मॅच्युरिनला हिंडवणारी दिल नावाची एक गरीब, चुणचुणीत पोर आहे. तिला चांदीच्या बांगड्यांची हौस असते. तो त्या तिला देतो, आणि त्या बांगड्यांसाठीच तिचा खून होतो. परक्या देशात औदार्य दाखवणाऱ्या सज्जन युरोपीय माणसाचा हात त्या मृत्यूला लागलेला आहे, हे ओब्रायन एकही प्रवचन न देता सांगतात. साम्राज्याविषयी ज्याला काही म्हणायचे आहे त्याने हे पान ओलांडून पुढे जाऊ नये. चित्रपटकर्त्यांनी ज्या पुस्तकातून गोळी घेतली त्याच पुस्तकात हे पान होते.

गालापागोसचेही तसेच. कादंबरीत जॅक मित्राला ती बेटे पाहू देण्याची आशा दाखवतो आणि शत्रूचा माग लागताच शब्द मोडतो. मॅच्युरिन संतापतो. ज्ञानाला आरमाराच्या वेळापत्रकात जागा नाही, हे त्याला कळते आणि ती जखम मैत्रीत राहते. चित्रपटातही आधी शब्द मोडला जातो, पण नंतर त्याची गोड भरपाई होते. जखमी मित्रासाठी कप्तान पाठलाग थांबवतो, डॉक्टर बेटावर हिंडतो, आणि तिथूनच त्याला शत्रूचे जहाज दिसते. मग स्वतःचे गोळा केलेले नमुने टाकून तो बातमी द्यायला धावतो! एवढ्यावरही भागत नाही. काटकीसारखा दिसणारा कीटक पाहून जॅकला जहाजाला व्हेलशिकारी बोटीचे सोंग देण्याची युक्ती सुचते. म्हणजे निसर्गाचा निर्हेतुक अभ्यास, जो कादंबरीत युद्धाला दिलेला सर्वांत चिवट नकार आहे, तो येथे युद्धखात्याच्या सेवेत दाखल होतो. ही कल्पना चतुर आहे हे कबूल. पण मॅच्युरिनच्या पात्राचा याहून मोठा पराभव त्याच्या शत्रूंनाही साधला नसता.

तिसरी बाब शत्रूची. कादंबरी १८१२ मध्ये सुरू झालेल्या इंग्रज–अमेरिकन युद्धाच्या काळात घडते. ज्याचा पाठलाग होतो ते 'नॉरफोक' हे अमेरिकन फ्रिगेट. चित्रपटात साल १८०५ झाले आणि जहाज 'आकेरॉन' नावाचे फ्रेंच झाले. अमेरिकी स्टुडिओंनी मोठी रक्कम घातलेल्या चित्रपटात अमेरिकन माणसे शत्रू असणे गैरसोयीचे, हा तर्क करायला फार बुद्धी लागत नाही. गंमत अशी की 'आकेरॉन' बांधले गेले ते बॉस्टनमध्ये, असे चित्रपटच सांगतो. लाकूड अमेरिकन राहिले, माणसे तेवढी फ्रेंच झाली.

या अदलाबदलीत राष्ट्रीयत्वापेक्षा फार अधिक काही गेले. कादंबरीतल्या 'नॉरफोक'वर पूर्वीचे काही इंग्रज खलाशी आहेत. १७९७ मध्ये 'हर्मायनी' या इंग्रजी जहाजावर ह्यू पिगॉट या क्रूर कप्तानाला खलाश्यांनी ठार केले होते. ही ऐतिहासिक घटना आहे, आणि हे खलाशी त्या बंडातले आहेत. सापडले तर फाशी. शेवटी 'नॉरफोक' फुटते, दोन्ही बाजूंची माणसे एका बेटावर अडकतात आणि युद्ध संपले की चालू आहे हेही नक्की कोणाला ठाऊक नसते. शत्रू कोण, या प्रश्नाचे उत्तर तेथे आरमाराच्या स्वतःच्या फटक्यांपर्यंत जाऊन पोचते. चित्रपटात शेवटी चढाई होते, तलवारी चालतात, जय होतो. खऱ्या 'सरप्राइझ'ने १७९९ मध्ये स्पॅनिशांच्या हाती गेलेली हीच 'हर्मायनी' परत जिंकून आणली होती आणि १८०२ मध्ये ती विकलीही गेली होती, हे बटणे मोजणाऱ्यांना सांगून ठेवतो. तिचे आयुष्य ओब्रायन यांनीही वाढवले, पण ते तिच्या इतिहासातली बंडाची सावली पुसून नव्हे.

यावर ठरलेले उत्तर येते : माध्यमांतर म्हणजे वगळणे, सव्वादोन तासांत काय काय बसणार? वगळण्याविषयी माझी तक्रारच नाही. समुद्रात पडलेल्या जॅक आणि मॅच्युरिन यांना पॉलिनेशियन स्त्रियांची होडी उचलते, तो भन्नाट प्रसंग गेला. तोफखान्यावरच्या माणसाची बायको आणि हॉलम यांचे प्रकरण जाऊन तेथे अपशकुनी हॉलमची आत्महत्या आली, आणि ती चांगलीच जमली आहे. माझा आक्षेप जे ठेवले त्याविषयी आहे. प्रसंग ठेवायचा आणि त्याचे कारण काढून घ्यायचे, ही काटकसर नव्हे. चित्रपटातही मॅच्युरिन फटक्यांच्या शिक्षेवरून आणि सत्तेवरून जॅकशी वाद घालतो, हे मला ठाऊक आहे. पण बोलणारा माणूस बंडखोर होता, त्याचे मित्र फासावर गेले, हेच प्रेक्षकाला ठाऊक नसल्याने तो वाद एका सहृदय डॉक्टरच्या कुरकुरीइतका उरतो.

हा दोष एकट्या वीअर यांचा नाही, या प्रकाराचीच ती खोड आहे. सी. एस. फॉरेस्टर यांची 'लेफ्टनंट हॉर्नब्लोअर' (१९५२) घ्या. वेडसर कप्तान सॉयर जहाजाच्या तळघरात पडतो. पडला की ढकलला, आणि ढकलला असेल तर हॉर्नब्लोअरने का, हे बुशच्या नजरेतून सांगितलेल्या त्या कादंबरीत शेवटपर्यंत उलगडत नाही. नायकाविषयीचा तो संशय वाचकाला जन्मभर पुरतो. २००१च्या दूरचित्रवाणी मालिकेत आर्ची केनेडी नावाचा मित्र मरता मरता सारा दोष अंगावर घेतो. फॉरेस्टर यांच्या लेखी केनेडी म्हणजे जेमतेम एक नाव. संशयाच्या जागी त्याग बसला, आणि प्रेक्षकांनी डोळे पुसले.

दोष माध्यमाचा असता तर पीटर उस्तिनोव्ह यांचा 'बिली बड' (१९६२) शक्य झाला नसता. मेलव्हिलच्या कथेवरून आलेल्या नाटकावर तो बेतला आहे, कृष्णधवल आहे, त्याच्या शिडांचे कोणी पोवाडे गायले नाहीत. शेवटही मूळ कथेपेक्षा निराळा. पण ज्याला निर्दोष मानतो त्याच पोराला कायद्यासाठी फासावर चढवणारा कप्तान व्हेर तेथे मधोमध उभा आहे. १७९७च्या बंडांची भीती त्याच्या प्रत्येक वाक्यामागे आहे. रॉबर्ट रायन यांचा क्लॅगर्ट हसतो तेव्हा जहाजावरच्या शिस्तीचा अर्थ कळतो. त्यासाठी टाकी बांधावी लागली नाही.

२०२१ मध्ये बातमी आली की ओब्रायन यांच्या पहिल्या कादंबरीवर पुन्हा चित्रपट करण्याचे घाटत असून पटकथा पॅट्रिक नेस लिहिणार आहेत. त्या कादंबरीत जेम्स डिलन नावाचा लेफ्टनंट आहे. तो जुना युनायटेड आयरिशमन, मॅच्युरिनचा पूर्वीचा सोबती, आणि इंग्रज राजाच्या नोकरीत. एका अमेरिकन जहाजावरून पळणाऱ्या आयरिश बंडखोरांना पकडण्याचा हुकूम त्याला मिळतो. जहाज अडवले जाते, आपली माणसे त्याला दिसतात, आणि तो खोटे बोलून त्यांना सोडून देतो. पुढे 'काकाफ्वेगो' या स्पॅनिश जहाजावरच्या चढाईत तो मारला जातो. तो चित्रपट कधी निघालाच, तर चढाई त्यात असेल याची मला खात्री आहे. ते अमेरिकन जहाज असेल का, एवढेच पाहायचे आहे.