घरच्या संगणकाला वायफाय : स्वस्तातले यंत्र पुरते का?

राळेगाव हे तालुक्याचे गाव. शिष्यवृत्तीचा अर्ज असो, उत्पन्नाचा दाखला असो की कॉलेजच्या प्रवेशाची यादी, सारे आता संगणकावर आले आहे. महाडीबीटीवरचा अर्ज त्रुटीत निघाला की पुन्हा सायबर कॅफे, पुन्हा पैसे. शेवटच्या तारखेला तर तिथे उभे राहायला जागा नसते. शिवाय पोरीचे आधार कार्ड, बापाचा दाखला, बँकेचे पासबुक हे सगळे परक्याच्या संगणकात तसेच पडून राहते. म्हणून कचेरीतला वापरलेला संगणक नागपूर-यवतमाळहून स्वस्तात आणणारी कुटुंबे आम्ही पाहतो. ते योग्यच आहे. पण घरी आल्यावर कळते की या जुन्या डब्यात वायफायच नाही. मग दुकानदार बोटाच्या पेराएवढे यूएसबी अडॅप्टर पुढे करतो. ते घ्यावे का, आणि कोणते, एवढाच आजचा आमचा विषय.

घरात इंटरनेट फक्त मोबाईलचे असेल, तर खरेदीची घाई करू नये. मोबाईलची वायर (जिच्यातून फोटोही जातात अशी) संगणकाला जोडावी आणि हॉटस्पॉटच्या पानावर ‘यूएसबी टिथरिंग’ सुरू करावे. काम झाले, खर्च शून्य. आई मोबाईल घेऊन कामावर गेली की संगणक मुका होतो, ही अडचण राहतेच. पण ती अडॅप्टर घेऊनही सुटत नाही. एक काळजी मात्र घ्यावी. मोबाईलचा रोजचा डेटा मोजका असतो आणि विंडोज आपले अपडेट गुपचूप उतरवत बसते. म्हणून सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करून ठेवावे.

घरी फायबरचा राउटर आहे आणि संगणक त्याच खोलीत आहे, तर साधी लॅनची वायर सर्वात उत्तम. संगणक दुसऱ्या खोलीत असेल, तेव्हा खरी गरज अडॅप्टरची.

आता खोक्यावरचे आकडे. तीनशे-चारशे रुपयांच्या यंत्रावर १५० लिहिलेले असते, त्याहून महागावर ६००. हा ६०० आकडा बेरजेचा आहे. २.४ गिगाहर्ट्झवर १५० आणि ५ गिगाहर्ट्झवर ४३३, असे मिळून ५८३, ते फुगवून ६००. एका वेळी दोन्हींपैकी एकच चालते, मग बेरीज कशाला? आणि १५० म्हणजे मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला १९ मेगाबाइटही होत नाहीत. प्रत्यक्षात हाती निम्म्याहूनही कमी पडते. तरी आम्ही म्हणतो, अर्ज भरायला, दाखला उतरवायला, शिकवणीचा व्हिडिओ पाहायला ते पुरून उरते. महागडे यंत्र त्यांनी घ्यावे, ज्यांच्या आजूबाजूला दहा राउटर गर्दी करून आहेत. ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना गर्दी कमी लागते, पण भिंत ओलांडताना त्या लवकर दमतात.

स्वस्त यंत्राला फक्त २.४ दिसते. राउटर किंवा मोबाईलचा हॉटस्पॉट ५ वर लावलेला असेल तर त्याचे नावच यादीत येत नाही, आणि माणूस यंत्राला शिव्या घालत बसतो. (या लहरींना परवाना लागत नाही. २.४ ची पट्टी २००५ साली आणि ५ ची अधिक विस्ताराने २०१८ साली सरकारने खुली केली. जुन्या मंडळींना आठवत असेल, एकेकाळी रेडिओ ऐकायलाही पोस्टात परवाना काढावा लागे.)

यंत्र वाईट निघते त्यापेक्षा जागा वाईट निघते, असा आमचा अनुभव. बहुतेक जण ते संगणकाच्या मागच्या बाजूला खोचतात. पुढे पत्र्याचा डबा, मागे भिंत, मग लहर येणार कुठून? मीटरभराची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्यावी आणि यंत्र टेबलाच्या वर, उंचावर, राउटरच्या दिशेने टांगावे. निळे पोर्ट म्हणजे यूएसबी ३; त्यांतून निघणारी खरखर २.४ च्या लहरींना त्रास देते, म्हणून काळे पोर्ट वापरावे. लोखंडी कपाट आणि पाण्याचा ड्रम आड नको. पाणी लहर पिते, पत्रा ती परतवतो. आपल्या विदर्भातला कूलर तर दोन्ही आहे! पत्र्याचे अंग, पोटात पाणी, बाजूला ओले वुडवूल. हिवाळ्यात ठणठणीत चालणारे वायफाय एप्रिलमध्ये अडखळू लागले, तर कंपनीला फोन करण्याआधी कूलर कुठे ठेवला ते पाहावे.

राहिला ड्रायव्हर. खोक्यात छोटी सीडी असते, आणि संगणकाला सीडीचा खणच नसतो. दुकानदार म्हणतो, इंटरनेटवरून उतरवून घ्या. इंटरनेटसाठीच तर यंत्र घेतले! इथे पुन्हा मोबाईलची वायर कामाला येते. ती जोडून दहा मिनिटे थांबावे, विंडोज बहुधा स्वतःच ड्रायव्हर शोधून आणते. काही यंत्रांच्या पोटातच ड्रायव्हर असतो. ती लावताच पेन ड्राईव्हसारखी दिसतात, आतली फाईल उघडायची. घेताना दुकानदाराला आपला विंडोज कितवा ते सांगावे, पक्की पावती घ्यावी, आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या निदान आठवडाभर आधी यंत्र लावून पाहावे, म्हणजे बदलून घ्यायला वेळ राहतो.