वणव्यासमोरचा मुकादम

झाशीजवळच्या बरुआसागरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. ओरछाचे राजे उदितसिंह यांनी बांधविलेला तेथील विस्तीर्ण तलाव, जवळचे प्रतिहारकालीन जराईचे मंदिर आणि आल्याची व भाजीपाल्याची बाजारपेठ यांमुळे हे गाव आपल्यापैकी काहींच्या परिचयाचे असेल. भगिनींचे घराणे मूळचे मराठी. कित्येक पिढ्या बुंदेलखंडातच नांदत आले आहे. त्यांचे चिरंजीव वनखात्यात नोकरीस आहेत. यंदाच्या उन्हाळ्यात वणवा विझविणारी आठ-दहा माणसांची टोळी प्रथमच त्यांच्या हाताखाली देण्यात आली. “आग कशी विझवावी हे त्याला शिकविले आहे, पण माणसे कशी सांभाळावीत हे कोणी शिकविले आहे काय?” असा या माउलीचा प्रश्न आहे.

प्रश्न मार्मिक आहे, आणि तो एकट्या बरुआसागरचा नाही. मेळघाटात, गडचिरोलीत, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर ज्यांची मुले फाल्गुन-चैत्रात रानात जातात, त्या सर्व घरांचा तो आहे.

बुंदेलखंडातील रान विरळ व कोरडे. करधई, धावडा, पळस, टेंभुर्णी, मोह अशी झाडे. खाली पाचोळा आणि गुडघाभर वाळलेले गवत. मोहाची फुले वेचण्यासाठी कोणी झाडाखालचा पाला पेटवितो, कोणी विडीचे थोटूक टाकतो, आणि दुपारच्या झळांबरोबर आग पसरू लागते. ती दिसते लहान, ज्वाळा कमरेएवढी. म्हणूनच तिचे भय वाटेनासे होते. परंतु गवताची आग घनदाट अरण्यातील आगीहून वेगाने धावते, आणि चढावर तर तिचा वेग कितीतरी वाढतो. कारण ज्वाळा वरच्या अंगास झुकून पुढचे गवत आधीच तापवून ठेवतात. माणूस चढावर धावू लागला की दमतो. आग दमत नाही.

ती विझविण्याची आपली रीत अद्याप बहुतांशी हातांचीच आहे. हिरव्या फांद्यांनी ज्वाळा झोडपावयाच्या, पाचोळा ओढून जमीन उघडी करावयाची, आणि आग फारच पसरली तर जाळरेषेवरून समोरून दुसरी आग लावून तिची वाट तोडावयाची. अलीकडे पाला उडविणारी यंत्रे आली आहेत. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून, उपग्रहाने हेरलेल्या आगीची वर्दीही मोबाइलवर येते. वर्दी आली तरी डोंगर चढावयाचा तो माणसांनीच.

इंग्रजी मजकूर मराठीत आणताना अशा टोळीच्या प्रमुखास आम्ही कधी ‘पथकप्रमुख’ म्हणतो, कधी ‘नायक’. मला स्वतःला ‘मुकादम’ हा आपला जुना शब्द अधिक पसंत आहे. ऊसतोडीवर किंवा रस्त्याच्या कामावर माणसे नेणारा मुकादम सायंकाळी माणसे मोजतो. नायक मोजतोच असे नाही. हाती फांदी घेऊन सर्वांच्या पुढे झोडपू लागणारा प्रमुख आपल्याला शूर वाटतो. माझ्या मते तो आपले खरे काम टाकून दुसऱ्याचे काम करीत असतो. ज्वाळेपासून दोन हातांवर उभ्या असलेल्या माणसास धुरापलीकडचे काही दिसत नाही. वारा फिरला, किंवा ठिणगी उडून मागच्या नाल्यात पडली, हे पाहावयाचे कोणी? ज्याचे हात मोकळे आहेत त्याने.

याबाबतीत अमेरिकेतील एक घटना सांगण्याजोगी आहे. १९४९ च्या ऑगस्टमधील ५ तारखेस मोंटाना राज्यातील मॅन गल्च नावाच्या दरीत वणवा विझविण्यासाठी पंधरा जवान विमानातून छत्रीच्या साहाय्याने उतरले. एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. वॅग डॉज हा त्यांचा प्रमुख. त्यांच्याजवळचा बिनतारी संच छत्री न उघडल्यामुळे फुटला होता. थोड्याच वेळात आग दरी ओलांडून खालच्या बाजूने, वाळलेल्या गवतातून, त्यांच्या मागे लागली. डॉजने अवजारे टाकून देण्याची आज्ञा केली आणि आग अगदी जवळ येताच एक विलक्षण गोष्ट केली. काडी ओढून त्याने आपल्या पुढचेच गवत पेटविले, जळून गेलेल्या त्या जागेत शिरला व इतरांस आत बोलाविले. जेथे गवत उरले नाही तेथे आग काय जाळणार? हिशेब बिनचूक होता. पण त्याच्या हाकेला एकानेही ओ दिली नाही. राखेत पालथा पडून डॉज वाचला. दोघे कसेबसे डोंगराची धार ओलांडून वाचले. तेरा जण गेले.

त्या तेराजणांस उद्धट म्हणता येणार नाही. ही युक्ती त्यांच्या शिक्षणात नव्हती, आणि त्या तुकडीबरोबर डॉजने फारसे कामही केलेले नव्हते. मागे आग, आणि पुढारी पुढे आणखी आग लावतो आहे! त्या क्षणी समजावून सांगण्यास अवधी कोठला? या व अशा इतर दुर्घटनांचा अभ्यास होऊन १९५७ साली तेथील वनखात्याने आग विझविणाऱ्यांसाठी दहा स्थायी आज्ञा ठरविल्या. (डॉजची युक्ती मात्र कोणी पाहिजे तेथे करू पाहू नये. ती गवताळ माळावरची होती. दाट झाडीत तिचा भरवसा नाही.)

दूर कशाला, आपल्या गोंदिया जिल्ह्यात नागझिऱ्याच्या अभयारण्यात ८ एप्रिल २०२१ रोजी वणवा विझविताना तीन वनमजूर मृत्युमुखी पडले. तीही कोणाची मुले होती.

तेव्हा बरुआसागरच्या चिरंजीवांस माझे सांगणे असे की, आगीकडे निघण्यापूर्वीची दहा मिनिटे फुकट गेली असे मानू नये. सर्वांस एकत्र बसवून तीन गोष्टी ठरवाव्यात: उंचावर उभे राहून पाहणार कोण, परतण्याची खूण काय, शिटी की हाक, आणि खूण होताच जावयाचे कोठे. ही जागा आधीच जळून थंड झालेली, मुरमाड किंवा नदीच्या वाळूची असावी, आणि ती बोटाने दाखवावी; “तिकडे कोठेतरी” म्हणून चालणार नाही. मग सर्वांत अल्पभाषी मजुराकडून ती परत वदवून घ्यावी. काम शक्यतो जळलेल्या बाजूस पाय ठेवून करावे, म्हणजे मागे सरावयास जागा राहते. आग वर चढत असेल तर तिच्या डोक्याशी माणसे उभी करू नयेत.

गावकऱ्यांविषयी एक शब्द अधिक. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या ७९ व्या कलमान्वये, रानात हक्क असलेल्या लोकांनी आग विझविण्यास मदत करावयाची असते, आणि बहुधा ती मनापासून मिळते. पण धावत आलेला तरुण यादीत नसतो, त्याला खूण ठाऊक नसते, आणि पायांत चप्पलच असते. अशा माणसास नाव विचारून, मोजून, कोणातरी जाणत्याच्या जोडीस द्यावे. नाहीतर पाणी पोचविण्याचे काम सांगावे. त्याचा रुसवा पत्करावा.

आता आईंसाठी. रानात जाताना अंगात सुती, जाडसर, लांब बाह्यांचे कपडे असू द्यावेत. पॉलिएस्टरचा सदरा कितीही झकपक दिसला तरी तो उष्णतेने वितळून कातडीस चिकटतो. पायांत कातडी बूट हवेत. डब्यापेक्षा पाणी अधिक द्यावे, सोबत गुळाचा खडा. आणि तो घरी आल्यावर “आग विझली का?” असे न विचारता, “सगळे परत आले ना?” असे विचारावे. दोन-चार वेळा विचारले की तो निघतानाही मोजू लागेल.

पत्रातील दुसरा प्रश्न आल्याच्या पाकाविषयीचा आहे. त्याचे उत्तर पुढील अंकी.