मित्राचा मित्र तो मित्र?

मंडळी, आज 'मित्रकीटक' या शब्दाशी भांडायचंय.

शेतीच्या पत्रकांत, भाषणांत आणि शनिवार-रविवार महाड-पोलादपूरला जाऊन शेतीवर बोलणाऱ्या आम्हा पुणे-मुंबईवाल्यांच्या गप्पांत एक सोपं गणित असतं. अळी शत्रू. अळीच्या अंगात अंडी घालणारी इवलीशी गांधीलमाशी मित्र. अळीला रोग लावणारा विषाणूही मित्र. मग सोडा दोघांनाही एकदम, रसायन थोडंच आहे!

अहो, पण या दोन मित्रांचं ताट एकच आहे, त्याचं काय?

भातावरची लष्करी अळी घ्या. दिवसा चुडात लपते, रात्री बाहेर येते आणि ऐन कापणीच्या तोंडावर लोंब्या कातरते. याच जातीच्या अळीत जपानमधली कोटेशिया नावाची गांधीलमाशी अंडी घालते. सोबत स्वतःचा एक विषाणूही टोचते, म्हणजे अळीची प्रतिकारशक्ती गप्प बसते. पण अळीला आधीच दुसऱ्या एका विषाणूची लागण झालेली असेल तर? तो विषाणू एक प्रथिन तयार करवतो आणि त्याने माशीची पिल्लं आतल्या आत मरतात. जपान, स्पेन आणि कॅनडाच्या संशोधकांनी जुलै २०२१ च्या अखेरीस 'सायन्स'मध्ये हे मांडलं. प्रथिनाचं नावच 'पॅरासिटॉईड किलिंग फॅक्टर'! आदल्याच आठवड्यात आपल्याकडे तळिये आणि सावित्रीचा पूर झाला होता, तेव्हा ते कोण वाचणार म्हणा.

पुढचं तर भन्नाट आहे. या प्रथिनाची जनुकं काही पतंगांच्या स्वतःच्या जनुकसंचातही सापडली. म्हणजे रोगाने दिलेलं हत्यार अळीने घरात ठेवून घेतलं. मात्र सगळ्याच माश्या त्याने मरत नाहीत. काही जाती तग धरतात.

भात निघालं की ओलीवर वाल येतो. वाल, हरभरा, तूर यांच्यावरच्या घाटेअळीसाठी एचएएनपीव्ही हा विषाणू फवारतात. हरभऱ्यावरच्या लहान घाटेअळीत कॅम्पोलेटिस नावाची माशी अंडी घालते. इथे विशेष प्रथिन नसलं तरी हिशोब साधा आहे: माशीचं पिल्लू वाढून बाहेर पडायच्या आत अळी रोगाने मेली, तर पिल्लूही गेलं. माशीने आधी गाठलं असेल आणि फवारणी उशिरा झाली, तर ते वाचू शकतं.

मग विषाणू वापरूच नये का? असं मी म्हणत नाहीये. माणसाला निरुपद्रवी आणि नेमक्या अळीवर चालणारं औषध टाकून देणं हा वेडेपणा होईल. ट्रायकोग्रामाची कार्डंही खुशाल लावा. ती माशी किडीच्या अंड्यातच वाढते, अळीच्या रोगाशी तिचा थेट संबंध येत नाही. माझा राग 'जैविक आहे ना, मग काहीही एकत्र चालतं' या आळसावर आहे. दोन मॉड्यूल वेगवेगळी तपासून पास झाली म्हणून कोणी इंटिग्रेशन टेस्टिंग सोडतं का? आमच्याकडे सोडलं तर रात्री फोन येतो. शेतकऱ्याचा अख्खा हंगाम जातो, आणि वर त्यालाच ऐकवतात, "तुम्ही नीट वापरलं नाही."

तेव्हा पत्रक छापणाऱ्यांनो, 'मित्र' लिहून थांबू नका. कुठली माशी, कुठला विषाणू, आधी काय आणि मध्ये किती दिवस, तेही छापा. पोलादपूरच्या डोंगरातल्या तुकडाभर वावराला दोन सल्ल्यांची भांडणं परवडत नाहीत.