वहीतील तास

आमच्या रोहिणखेडास विमान उतरत नाही. पण खोट्या नोंदीचा दोष येथील व्यापाऱ्यास समजावून सांगावा लागत नाही. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्या देशात किमान २०० तासांचे उड्डाण लागते आणि प्रत्येक तास वहीत नोंदवावा लागतो. २०११ साली राजस्थानात न केलेल्या उड्डाणांचे तास वहीत दाखविल्याचे प्रकरण गाजले. तत्त्वार्थसूत्राने सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख करणे, हा दोष गणला आहे. खतावणीतील खोटी रक्कम व्याजासह फेडता येते. न उडालेला तास मात्र भर वादळात, पाठीशी शे-दीडशे जीव असताना, उणा पडतो. तेव्हा तो कोठून आणणार? मुलांच्या हाती वही देताना आकडेमोडीआधी हे सांगावे.